स्नॅपशॉटमधून परत आणलेले जूनचे लॉग सकाळपर्यंत गायब. दोनदा झालं. शुक्रवारपर्यंत हवेत.

गोकुळशिरगाव_नेट · सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं नेटवर्क मी बघतो. नेटवर्कवर नजर ठेवायला सिक्युरिटी ओनियन आहे, एकाच मशीनवर सगळं: सुरिकाटा (धोक्याचे इशारे), झीक (जोडण्यांच्या नोंदी), इलॅस्टिकसर्च (नोंदी साठवून शोधणं), किबाना (त्या स्क्रीनवर बघणं). गेल्या आठवड्यात रात्री तीन-चार वेळा लाईट गेली-आली आणि रेड ५ (एक डिस्क गेली तरी चालणारी डिस्कांची जोडणी) मधल्या दोन डिस्क एकाच वेळी गेल्या. दोन गेल्यावर रेड ५ मधून काही निघत नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहेच.

स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या डेटाच्या प्रती) मात्र होते. रोज रात्री इलॅस्टिकसर्चचा स्नॅपशॉट राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसातल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीवर) जातो, सहा महिन्यांचे ठेवलेत. नव्या डिस्का टाकल्या, सिक्युरिटी ओनियनची तीच आवृत्ती बसवली, नॅस जोडला आणि ३१ जुलैचा स्नॅपशॉट घेतला. अलीकडचा न घेता ३१ जुलैचाच का, तर मला जूनचा डेटा हवाय आणि ऑगस्टअखेरच्या स्नॅपशॉटमध्ये जून नाहीच.

पहिल्यांदा एरर आली की याच नावाचं आधीच आहे. म्हणून नावापुढे 'जुने' लावून रिस्टोअर केलं. सगळे शार्ड (डेटाचे तुकडे) यशस्वी, एकही फेल नाही. किबानात या नावाचा डेटा व्ह्यू बनवला, जून दिसला. संध्याकाळी सात वाजता स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि घरी गेलो. सकाळी आलो तर जून कोरा. परत केलं, परत तेच.

जून कशाला हवाय तेही सांगतो. पुण्याच्या एका ग्राहकाला आमच्या नावानं खोटी बिलं गेलीत, बँक खातं बदललेली. अकाउंटच्या मशीनवरून काहीतरी बाहेर जात होतं एवढं कळलंय. ग्राहक विचारतोय, हे कधीपासून? मोघम सांगून चालणार नाही, त्यांना तारीख हवी. चौदा वर्षांचं गिऱ्हाईक आहे.

---

शिरोलीकर · सोमवार, रात्री १०:४०

भावा, आधी तीन गोष्टी सांग.

१. डिस्क किती भरली आहे?
२. लॉगमध्ये इलॅस्टिकसर्चनं काही रीड-ओन्ली केल्याची तक्रार दिसते का?
३. सगळंच गेलं, की काही राहिलंय?

पहिले दोन प्रश्न अशासाठी की इलॅस्टिकसर्चच्या मूळ सेटिंगप्रमाणे डिस्क ८५ टक्क्यांवर गेली की त्या नोडवर (मशीनवर) नवे शार्ड ठेवायचं बंद होतं, ९० ला तो शार्ड दुसरीकडं हलवायला बघतो आणि ९५ ला इंडेक्सवर, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यावर, लिहिणंच थांबवतो. पण यातल्या कुठल्याच टप्प्यावर इलॅस्टिकसर्च स्वतःहून डेटा पुसत नाही. तुझं पुसलं जातंय, म्हणजे पुसणारा दुसराच कुणीतरी आहे. तिसऱ्याचं उत्तर नीट बघून दे.

---

गोकुळशिरगाव_नेट · सोमवार, रात्री ११:०५

डिस्क ४१ टक्के. रीड-ओन्लीची तक्रार नाही.

तिसऱ्या प्रश्नासाठी आत्ता व्हीपीएननं बघितलं. सगळं गेलेलं नाही की! जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतरचं सगळं जागेवर आहे. त्याआधीचं तेवढं गेलंय. अगदी कोयत्यानं तोडल्यासारखं.

---

लॉगवाली · सोमवार, रात्री ११:३१

दादा, उत्तर तुम्हीच दिलंत. आजपासून साठ दिवस मागे मोजा, तुमची तोडल्याची जागा तिथंच येते का बघा. येत असेल तर हे आयएलएमचं काम आहे, म्हणजे इंडेक्सचं आयुष्य ठरवणारी पॉलिसी. मी एका सहकारी बँकेत याच कामावर आहे आणि दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं हुबेहूब असंच झालं होतं. तेव्हा मला कुणी सांगणारं नव्हतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

स्नॅपशॉटमध्ये नुसत्या नोंदी नसतात. इंडेक्सबरोबर त्याची सेटिंगही येतात आणि त्यात 'या इंडेक्सला अमुक पॉलिसी लागू' ही ओळही असते. तुम्ही तीच आवृत्ती नव्यानं बसवली, त्यामुळं त्या नावाची पॉलिसी नव्या मशीनवर हजरच होती. रिस्टोअर झाला आणि आयएलएमनं त्याला लगेच ताब्यात घेतलं.

आता कळीचा मुद्दा. इंडेक्सचं वय आयएलएम रिस्टोअरच्या दिवसापासून मोजत नाही. मूळ इंडेक्स ज्या दिवशी रोलओव्हर झाला, म्हणजे त्यात लिहिणं थांबून नवा सुरू झाला (रोलओव्हर झालाच नसेल तर ज्या दिवशी बनला), तिथून मोजतो. आपल्या मार्केट यार्डात गेल्या हंगामातला गुळाचा रवा (ढेप) नव्या बारदानात बांधला म्हणून तो यंदाचा होत नाही, तसंच हे. तुमचा जूनचा इंडेक्स नव्या मशीनवर आला तेव्हाच साठी ओलांडून आला होता. पॉलिसीत 'साठ दिवसांनी डिलीट' लिहिलेलं, तिनं डिलीट केलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतरचे इंडेक्स अजून साठच्या आत आहेत म्हणून राहिलेत, आणि रोज त्यातलाही एखादा जाईल.

तुम्हाला वाटतंय डेटा रात्री गेला. आयएलएमची फेरी मूळ सेटिंगनं दर १० मिनिटांनी होते. तुम्ही सातला निघालात, आठच्या आधीच सगळं उरकलं असणार.

आता काय करायचं, याच क्रमानं:

आधी आयएलएम थांबवा. 'स्टॉप' दिल्यावर ते लगेच थांबत नाही, चालू असलेलं पाऊल पूर्ण करतं. म्हणून स्थिती विचारत राहा, 'स्टॉपिंग'चं 'स्टॉप्ड' झाल्याशिवाय पुढं जाऊ नका. मग रिस्टोअर करा, नाव बदलून, आणि ग्लोबल स्टेट आणू नका. ग्लोबल स्टेटबरोबर जुन्या मशीनच्या टेम्प्लेट, पॉलिसी, क्लस्टरची (इलॅस्टिकसर्चच्या पूर्ण बसवणीची) सेटिंग असं सगळं येऊन नव्यावर बसतं, ते आपल्याला नको. रिस्टोअर संपला की 'जुने' नावानं सुरू होणाऱ्या प्रत्येक इंडेक्सवरून पॉलिसी काढून टाका. काढली का ते एका इंडेक्सवर 'एक्सप्लेन' मारून बघा, उत्तरात 'मॅनेज्ड: फॉल्स' यायला पाहिजे, म्हणजे तो आता पॉलिसीच्या ताब्यात नाही. त्यानंतरच आयएलएम परत सुरू करा.

शेवटचं पाऊल विसरू नका. आयएलएम बंद राहिलं तर रोजच्या चालू डेटाचा रोलओव्हरही बंद राहतो.

आणि सिक्युरिटी ओनियनचा स्वतःचा आणखी एक झाडूवाला आहे. जागेची मर्यादा ओलांडली की सगळ्यात जुनं आधी काढणारी स्क्रिप्ट. तिचा आयएलएमशी संबंध नाही. तुमची डिस्क ४१ टक्के आहे, पण रिस्टोअरनंतर किती होईल याचा हिशेब आधी करा, आणि ती स्क्रिप्ट तुमच्या आवृत्तीत कोणत्या नावांचे इंडेक्स शोधते ते उघडून वाचा. लहानच आहे.

---

शिरोलीकर · सोमवार, रात्री ११:४४

ताई, बरोबर धरलंत. मला पॉलिसी सुचली होती, पण वय मूळ तारखेपासून मोजतात हे ठाऊक नव्हतं.

---

पंचगंगाकाठ · मंगळवार, सकाळी ७:२०

मीही थोडं लिहितो. विषय जिव्हाळ्याचा आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये मी शाहूपुरीत एका ऑफिसात होतो, तळमजल्यावर. पंचगंगेला महापूर आला, राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सर्व्हरचा रॅक आम्ही टेबलावर उचलून ठेवला होता, आणि बॅकअपची डिस्क त्याच रॅकच्या वरच्या कप्प्यात. शिरोलीजवळ हायवे बंद, शहरात लाईट नाही, आठवडाभर आत जाता आलं नाही. दार उघडलं तेव्हा भिंतीवरची गाळाची रेघ माझ्या छातीपर्यंत होती. सर्व्हर आणि त्याचा बॅकअप दोन्ही त्या रेघेच्या खाली.

पाच दिवसांपूर्वीची एक प्रत मी घरी नेली होती, सम्राटनगरला. उंचावर असल्यानं ती वाचली. पण ती मी कशी घेतली होती? इलॅस्टिकसर्च चालू असताना त्याचा डेटा फोल्डर सरळ कॉपी केला होता. नव्या मशीनवर तो फोल्डर ठेवला, सर्व्हिस सुरू केली, तर अर्धे शार्ड खराब आणि उरलेल्यांत नोंदींचे आकडे जुळेनात. इलॅस्टिकच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की फोल्डर कॉपी करणं हा बॅकअप नव्हे, स्नॅपशॉट हाच एक मार्ग. मी ते नंतर वाचलं.

वाचवलं कुणी, तर झीकच्या साध्या लॉगनी. झीकचं जुनं नाव ब्रो, २०१८ मध्ये बदललं, पण तेव्हा आमच्या मशीनवर फोल्डर अजून 'ब्रो' नावाचाच होता. त्यात तारखेचे फोल्डर आणि आत तासातासाच्या झिप केलेल्या फाइली. तो फोल्डरही घरी नेलेल्या प्रतीत आला होता. या फाइलींना ना इंडेक्स लागतो, ना क्लस्टर. एक ओळ म्हणजे एक जोडणी: कुठल्या वेळी, कुणाकडून, कुणाकडं, कुठला पोर्ट, किती बाइट. आणि प्रत्येक जोडणीला एक खूणक्रमांक असतो. तोच क्रमांक डीएनएसच्या (नावावरून पत्ता विचारल्याच्या), एसएसएलच्या (सुरक्षित जोडणीच्या) फाइलीत शोधला की त्या जोडणीची बाकीची हकीकत मिळते. मी लॅपटॉपवर झिपमध्ये शोधणारी कमांड चालवून तीन दिवसांत पाहिजे ते सगळं काढलं.

गोकुळशिरगाव, तुमच्या झीकच्या मूळ फाइली नॅसवर जातात का? नसतील तर हे प्रकरण मिटलं की तेवढं करा. आणि नॅस राजारामपुरीत आहे ते चांगलंय, फक्त तळमजल्यावर नको.

---

रंकाळापहाट · मंगळवार, सकाळी ९:०२

मी शिकतोय अजून, प्रश्न चुकीचा वाटला तर सांगा. सिक्युरिटी ओनियन पूर्ण पॅकेटसुद्धा (नेटवर्कवरून गेलेला मूळ डेटा) साठवतं ना? मग लॉग गेले तरी पॅकेटमधून सगळं परत बनवता यायला पाहिजे. पॅकेटचा बॅकअप का घेत नाही कुणी?

---

शिरोलीकर · मंगळवार, सकाळी ९:३०

प्रश्न एकदम बरोबर आहे रे. हिशेब करून बघ. १०० एमबीपीएसची लाईन भरून वाहते आहे असं धर. सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी, दिवसाला एक टीबीच्या वर. सहा महिन्यांचं ठेवायचं तर १९० टीबीच्या पुढं. आपल्याकडच्या कारखान्यात एवढं कोण घेणार? म्हणून पॅकेट मशीनवरच राहतात, जागा संपली की जुने जातात. बॅकअपमध्ये जात नाहीत, रेडबरोबर बुडाले की संपले.

पण एखादी घटना घडत असताना तेवढ्याच वेळचे पॅकेट काढून बाजूला ठेवता येतात. ती फाइल पुढं कधीही 'इम्पोर्ट पीकॅप'मधून आत घेतली की सुरिकाटा आणि झीक तिच्यावर नव्यानं चालतात. नोंदींवर वेळ मूळ घटनेची राहते, पण ज्या इंडेक्सात त्या बसतात तो आज बनलेला असतो. म्हणजे वर ताईंनी सांगितलेली वयाची भानगड या वाटेवर येत नाही. एक लक्षात ठेव: किबानात वरची वेळेची खिडकी त्या जुन्या तारखेवर नेली नाहीस तर काहीच दिसणार नाही आणि तुला वाटेल इम्पोर्ट फसलं.

---

गोकुळशिरगाव_नेट · मंगळवार, दुपारी ४:५०

साठ दिवस मोजले. तंतोतंत तिथंच. लॉगवाली ताई, तुमचे उपकार.

आयएलएम थांबवलं, 'स्टॉप्ड' व्हायला तीन-चार मिनिटं लागली. निवडक इंडेक्सचं रिस्टोअर पूर्ण. पॉलिसी काढली, 'मॅनेज्ड: फॉल्स' आलं. इंडेक्स सगळे पिवळे दिसत होते. एकाच नोडवर रेप्लिका (शार्डच्या जादा प्रती) बसायला जागा नाही, म्हणून रेप्लिका शून्य केल्या, हिरवे झाले. तासभर टेबलावरून उठलो नाही, दर दहा मिनिटांनी यादी बघत होतो. एकही गेला नाही.

पण आता वेगळंच. ग्राहकाकडचं पहिलं खोटं बिल १४ जूनचं आहे. म्हणून वेळ वाचवायला मी झीकचा फक्त नावात १४ जून असलेला इंडेक्स शोधून आणणार होतो, तर त्या तारखेचा इंडेक्स स्नॅपशॉटमध्ये नाहीच. २ जून आहे, त्यानंतर एकदम २० जून. मधला डेटा कुठं गेला? मी २० जूनचा आणला, त्यात १४ चं काही नाही.

---

लॉगवाली · मंगळवार, संध्याकाळी ५:१५

मधलं काही गेलेलं नाही. नावातली तारीख इंडेक्सच्या जन्माची असते, आतल्या नोंदींची नसते. २ जूनला बनला, ठरलेला आकार किंवा दिवस पूर्ण होईपर्यंत त्यातच लिहीत राहिला, २० जूनला रोलओव्हर होऊन नवा सुरू झाला. तुमचा १४ जून २ जूनच्या इंडेक्सात आहे. तो आणा.

आणि घटना रात्रीची असेल तर आणखी एक गोष्ट. नावातली तारीख यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) असते, आपण तिच्या साडेपाच तास पुढं. पहाटे साडेपाचपर्यंतचं सगळं यूटीसीत आदल्या दिवशी पडतं. किबाना दाखवताना ब्राउझरची वेळ धरतो, म्हणून तिथं फरक जाणवत नाही. पण इंडेक्सची नावं वाचताना आणि पंचगंगाकाठ म्हणतात तसे झीकचे फोल्डर चाळताना हे डोक्यात पाहिजे.

---

शिरोलीकर · मंगळवार, संध्याकाळी ६:००

आयएलएम अजून बंदच आहे ना? २ जूनचा आणेपर्यंत राहू दे.

आणि मॅनेजर (सिक्युरिटी ओनियनचं मुख्य मशीन) नव्यानं बसवलास म्हणून विचारतो, कर्मचाऱ्यांच्या मशीनवर इलॅस्टिक एजंट (लॉग पाठवणारे प्रोग्राम) आहेत का? असतील तर ते आता बोलत नसतील. नव्या बसवणीत सर्टिफिकेट नवी बनतात, जुने एजंट त्यांच्यावर विश्वास ठेवत नाहीत. सिक्युरिटी ओनियन रोज कॉन्फिगचा एक टार (एकत्र बांधलेली फाइल) बनवतं, बॅकअप फोल्डरमध्ये. त्यात सर्टिफिकेटं, सॉल्टची (मशीनची मांडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग, तू केलेले स्थानिक बदल आणि लॉगिन खाती असतात. लॉग नसतात. पण तो टार त्याच मशीनवर पडलेला असतो, उचलून दुसरीकडं नेला नाही तर डिस्कबरोबर जातो.

---

गोकुळशिरगाव_नेट · मंगळवार, संध्याकाळी ६:२५

एजंट ३१ मशीनवर आहेत आणि एकही बोलत नाही. टार नेलेला नव्हता. हे परत बसवावे लागणार, दोन दिवसांचं काम.

---

लॉगवाली · मंगळवार, रात्री ८:१०

काम चालू आहे तोवर एक विषय मनापासून मांडते, कारण इथं बऱ्याच जणांच्या मशीनवर हेच असणार.

सर्ट-इनचे (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. सगळ्या आयसीटी (माहिती व दळणवळण तंत्रज्ञान) प्रणालींचे लॉग १८० दिवस ठेवायचे, भारतात ठेवायचे, आणि ठरलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) सर्व्हरशी जुळवायची. हे निर्देश सेवा देणाऱ्यांना, डेटा सेंटरना आणि कंपन्यांनाही लागू आहेत. मग ६० दिवसांवर पुसणारी पॉलिसी ठेवून आपण १८० दिवस कुठून दाखवणार? स्नॅपशॉट सहा महिन्यांचे असतील तर डेटा आहे खरा, पण मागितल्यावर हातात देता आला पाहिजे. या धाग्यात तो हातात यायला दोन दिवस गेले, आणि तेही दादांनी प्रामाणिकपणे सगळं लिहिलं म्हणून दोनच.

डिस्क परवडत असेल तर पॉलिसीच १८० च्या पुढं न्या. परवडत नसेल तर झीकच्या मूळ फाइली १८० दिवस ठेवा. झिप केल्यावर त्या खूप लहान होतात. किबानात फिरताना जी सोय मिळते ती मिळणार नाही, पण कुणी कधी कुणाशी बोललं हे सांगता येईल. मालकाला किंवा संचालकांना पटवायला हे निर्देश छापून टेबलावर ठेवा. मी तसंच केलं होतं, तीन महिन्यांत डिस्क मंजूर झाल्या.

---

पंचगंगाकाठ · मंगळवार, रात्री ८:४०

ताईंच्या म्हणण्यात एक भर. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीनंतर, मी एका जुन्या डेस्कटॉपवर रिकामं इलॅस्टिकसर्च बसवतो आणि कुठलातरी सत्तर-ऐंशी दिवसांपूर्वीचा एक इंडेक्स आणून त्यातली एक ठरावीक जोडणी शोधतो. कालचा इंडेक्स आणून चाचणी केली तर वयाचा घोळ कधीच दिसत नाही. डेस्कटॉपवरची आवृत्ती मूळ मशीनइतकी किंवा थोडी पुढची ठेवा. नव्या आवृत्तीचा स्नॅपशॉट जुन्या आवृत्तीत उतरत नाही. आणि स्नॅपशॉटची जागा त्याला फक्त वाचण्यासाठी जोडा. दोन क्लस्टर एकाच जागी लिहायला लागले तर स्नॅपशॉटच खराब होतात.

---

गोकुळशिरगाव_नेट · मंगळवार, रात्री ११:२६

मिळालं.

२ जूनच्या इंडेक्सात. १४ जून, पहाटे २:४३. यूटीसीत १३ तारखेची रात्र, २१:१३. अकाउंटच्या मशीनवरून बाहेरच्या एका मेल सर्व्हरशी पोर्ट ५८७ वर (मेल पाठवायचा पोर्ट) जोडणी. आमची मेल त्या सर्व्हरवरून जातच नाही, आणि त्या वेळी अकाउंटचं केबिन बंद असतं, मशीन बंद करून जायची पद्धत आहे. त्याच्या आधीच्या बारा दिवसांत त्या पत्त्याशी एकही जोडणी नाही. नंतर मात्र दर दोन-तीन रात्रींनी, पहाटे दोन ते चारच्या मध्ये. खूणक्रमांकावरून डीएनएसची नोंदही काढली, आधी कुठलं नाव विचारलं ते मिळालं. अठ्ठेचाळीस ओळी झाल्या. सगळ्यांची प्रत काढून ठेवली, उद्या सकाळी ग्राहकाला आणि आमच्या साहेबांना देणार. अकाउंटचं मशीन नेटवर्कवरून काढून कपाटात कुलूपबंद केलंय, फॉरमॅट करू दिलं नाही.

अकाउंटच्या मॅडम गेला आठवडाभर रडकुंडीला आल्या होत्या, सगळे त्यांच्याकडंच बघत होते. आत्ता फोन करून सांगितलं की जोडण्या रात्रीच्या आहेत, तुमच्या हातून काही गेलेलं नाही. त्या काही बोलल्याच नाहीत, नुसतं 'बरं झालं' म्हणाल्या.

---

शिरोलीकर · मंगळवार, रात्री ११:३१

लई भारी काम केलंस भावा. आयएलएम सुरू केलंस का परत?

---

गोकुळशिरगाव_नेट · मंगळवार, रात्री ११:३८

तुमचा मेसेज वाचून केलं. स्थिती 'रनिंग'. दहा मिनिटांची एक फेरी होऊ देतो, 'जुने'ची यादी परत एकदा बघतो आणि मगच घरी निघतो.

---

गोकुळशिरगाव_नेट · मंगळवार, रात्री ११:५२

यादी तेवढीच आहे. निघालो.